कोणत्या देशी शिकावयास जावे?

मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आली, की आपल्याकडील पुष्कळ घरांत आता एक प्रश्न हटकून निघतो. पुढचे शिक्षण बाहेर घ्यावयाचे हे बहुधा ठरलेलेच असते; अडते ते देशापाशी. अमेरिकेला जावे की जर्मनीला? इंग्लंड बरे की जपान? शेजारचा मुलगा जिकडे गेला तिकडचे नाव प्रथम पुढे येते. कोणी विद्यापीठांची क्रमवारी दाखवतो, कोणी कर्जाचा हिशेब मांडतो. आणि हे कर्ज काही लहान नसते. त्यापायी कधी राहते घर बँकेकडे तारण पडते. ज्या प्रश्नावर एका कुटुंबाचा एवढा डाव लागतो, तो आपल्या समाजात प्रथम केव्हा उभा राहिला आणि ज्यांनी त्याची उत्तरे दिली त्यांच्या पदरी काय पडले, हे पाहणे केवळ इतिहासाच्या हौसेचे काम नव्हे.

महाराष्ट्रात हा प्रश्न सुमारे एकशेचाळीस वर्षांचा जुना आहे. १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट बोस्टन शहरी जाऊन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत दाखल झाले. तेथे शिकणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी होत. संस्थेचे वर्ग सुरू होऊन त्या वेळी अवघी सतरा वर्षे झाली होती. आज तिच्या नावाभोवती जे तेज आहे ते तेव्हा कोठे होते? पुढे १८८४ मध्ये पुण्याच्या ‘मराठा’ पत्राने या संस्थेचा गौरवाने परामर्श घेतला. राज्य इंग्रजांचे, शिक्षण इंग्रजी, बोटी लंडनकडे जाणाऱ्या. असे असताना पुण्याच्या माणसांची नजर बोस्टनकडे का वळावी? याचे उत्तर मिळण्यासाठी त्या काळच्या युरोपात काय चालले होते, इकडे थोडे वळले पाहिजे.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी कोयनेल कृत्रिम रीतीने तयार करण्याच्या खटपटीत होता. कोयनेल झाले नाही. हाती आला तो जांभळा रंग. डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून निघालेला हा रंग बाजारात आला आणि त्यातून एक नवा धंदाच जन्मास आला. शोध इंग्लंडात लागला, माणूस इंग्रज, कापडाच्या गिरण्याही इंग्लंडच्या. तरीपण एका पिढीच्या आत हा रंगांचा धंदा जर्मनीच्या हाती गेला. पर्किनचे गुरू हॉफमन हे मुळात जर्मन होते. ते १८६५ मध्ये बर्लिनला परत गेले. जर्मनीत लीबिग यांनी १८२४ पासून गीसेन येथे विद्यार्थ्यांच्या हाती परीक्षानळी देऊन रसायन शिकवण्याची परंपरा घातली होती. अशा प्रयोगशाळांतून निघालेले तरुण कारखान्यांत जात आणि कारखान्यांतल्या अडचणी पुन्हा प्रयोगशाळेत येत. हे जाणेयेणे इंग्लंडात तितके नव्हते.

याची किंमत आपणही मोजली आहे. १८९७ मध्ये एका जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत बंगाल-बिहारमधील निळीच्या लागवडीची धूळधाण उडाली. नीळ बुडाली तेव्हा मळेवाल्यांनी आपला तोटा रयतेच्या माथी मारला. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहामागे ही हकीकत आहे. म्युनिकच्या प्राध्यापकाने प्रयोगशाळेत केलेल्या कामाचा फटका गंडकीकाठच्या शेतकऱ्याला बसतो, असा तो काळ होता. विज्ञान कोठे शिकावे हा प्रश्न तेव्हाच केवळ पदवीचा राहिला नव्हता.

हे सर्वांच्या आधी ओळखले ते जपानने. १८६३ मध्ये, देश सोडून जाणे हा देहान्त शिक्षेचा गुन्हा असताना, चोशू प्रांतातील पाच तरुण चोरून इंग्लंडला गेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनाचे प्राध्यापक विल्यमसन यांनी त्यांना आश्रय दिला. हे विल्यमसनही लीबिग यांचेच शिष्य. या पाचांपैकी यामाओ योझो हे पुढे ग्लासगोला गेले. दिवसा जहाजाच्या गोदीत हातोडा चालवावा आणि रात्री अँडरसन कॉलेजच्या वर्गाला बसावे, असा त्यांचा क्रम होता. परतल्यावर टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला आणि १८७३ मध्ये त्याचे मुख्य म्हणून आले हेन्री डायर. हे डायरसुद्धा ग्लासगोच्या त्याच रात्रीच्या वर्गांतून वर आले होते.

परंतु जपानची खरी चतुराई यापुढची आहे. सर्वांत थोर देश कोणता, असा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्यांनी विषयागणिक देश निवडला. आरमार इंग्लंडकडून घ्यावयाचे, वैद्यक जर्मनीकडून, होक्काइदो बेटावरची शेती अमेरिकेकडून. साप्पोरो येथे १८७६ मध्ये शेतकी विद्यालय निघाले ते अमेरिकन शिक्षकाच्या हाताखाली. तर किताझातो बर्लिनला गेले ते रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्र शिकावयास. आणि परत आलेल्या माणसासाठी खुर्ची, प्रयोगशाळा किंवा कारखाना मायदेशी वाट पाहत असे. ज्या परदेशी शिक्षकाला भारी पगार देऊन आणले, त्याच्या जागी काही वर्षांनी हा परतलेला जपानी बसावयाचा, ही योजना आधीच ठरलेली होती.

आपल्यापाशी तसे सरकार नव्हते. म्हणून आपल्याकडे देशाची निवड एकेकट्या माणसाला, एकेका कुटुंबाला करावी लागली. केशव मल्हार भटांच्या पाठोपाठ, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. जाण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून आपण अमेरिकेस का जातो याची कारणे त्यांनी लोकांपुढे मांडली. सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या निवडीचा असा जाहीर जबाब द्यावा, ही गोष्ट त्या काळी केवढी! फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय १८५० पासून चालू होते. आणि न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंसारखे मायेचे माणूस त्यांनी पत्रांतून जोडलेले होते. शिकण्याची जागा आणि राहण्याचा आधार, दोन्ही त्यांनी पाहिले होते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातली जागाही त्यांच्यासाठी ठरली. पण परदेशीच्या थंडीत आणि कष्टांत क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. निवड चुकली असे कोणी म्हणू नये. परंतु देश निवडताना तेथली हवा, अन्न आणि आजारपणात जवळ कोण, याही गोष्टी हिशेबात धराव्या लागतात हे त्या हकीकतीवरून विसरता येत नाही.

पुढच्या पिढीचा बहुतेक ओघ साहजिकच इंग्लंडकडे वळला. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्त्या सुरू केल्या. त्यांचा लाभ आरंभीच घेणाऱ्यांत फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्रिया वैद्यकासाठी गेल्या. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि सगळ्या हिंदुस्थानात त्यांचे नाव झाले. म्हणजे इंग्लंडने आपल्याला वर्गाचे दार बंद ठेवले होते असे नाही. गणित, कायदा, वैद्यक यांचे दार उघडेच होते.

अडचण होती ती कारखान्याच्या दाराशी. १९०४ पासून हिंदुस्थान सरकारने धंदेशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला. विद्यार्थी जाई, वर्गात पहिला येई. पण गिरणीत, भट्टीवर, यंत्रशाळेत उमेदवारी मागावयास गेला की मालक हात आखडता घेई. आज याला शिकवला तर उद्या हाच आपले गिऱ्हाईक तोडील, ही भीती. १९२१-२२ मध्ये लिटन समितीने इंग्लंडातील हिंदी विद्यार्थ्यांची चौकशी केली तेव्हाही हे गाऱ्हाणे जिवंत होते. धंद्याची विद्या निम्मी पुस्तकात आणि निम्मी हातात असते. पुस्तकातली निम्मी घेऊन परतलेल्या माणसाला येथल्या भांडवलवाल्याने काय म्हणून विचारावे?

वंगभंगाच्या आसपास लोकांनी दुसरी वाट काढली. १९०४ मध्ये कलकत्त्यात जोगेंद्रचंद्र घोष यांनी वर्गणीतून विद्यार्थी बाहेर पाठवण्यासाठी एक संस्था काढली. १९०५ मध्ये जपानने रशियाला नमवले होते. त्यामुळे पुष्कळांची पावले जपानकडे वळली. तेथे प्रवासखर्च कमी, राहणी साधी आणि शिक्षणसंस्थांतून आशियाई विद्यार्थ्याला इंग्लंडातल्यासारखे परके वाटत नसे. पण वर्गातील व्याख्यान जपानी भाषेत! भाषा येईपर्यंत वर्ष-दोन वर्षे हातची जात आणि शिष्यवृत्तीचे पैसे संपत येत.

या वाटेने गेलेल्या एका माणसाची हकीकत महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची आहे. ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तर हिंदुस्थानातले. प्रथम ते जपानला गेले, तेथून मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेत शिकले आणि परतल्यावर आले ते तळेगावला. अंताजी दामोदर काळे यांनी पैसापैसा गोळा करून पैसा फंड उभा केला होता. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगावी काचेचा कारखाना निघाला आणि त्याचे काम वार्ष्णेयांच्या हाती आले. काचेची भट्टी ही चांगल्या चांगल्यांची परीक्षा घेते. ती रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. मूस तडकली तर आतला माल वाया. वाळूत लोखंडाचा अंश असला तर काच हिरवी उतरते. हे सारे येथल्या वाळूवर, येथल्या कोळशावर, येथल्या पोरांच्या हातून करून घ्यावयाचे होते. तळेगाव हा नुसता कारखाना राहिला नाही, ती काचेची शाळा झाली. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ जो कारखाना काढला, त्यामागेही तळेगावचे शिक्षण होते. पुढे त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडी पोहोचला. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, त्याच्या मागे टोकियो, बोस्टन आणि तळेगाव अशी वाट आहे.

परतीची वाट खुली असली म्हणजे काय होते ते हे. ती बंद झाली म्हणजे काय होते, तेही पाहावे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेला पोहोचले. खिशात पैसा नव्हता. पण १८६२ च्या कायद्याने अमेरिकेत सरकारी जमिनींच्या आधारावर शेतकी व यंत्रविद्येची महाविद्यालये निघाली होती, आणि हाताने काम करून शिकणारा विद्यार्थी तेथे कमी प्रतीचा मानला जात नसे. खानखोज्यांनी मजुरी केली आणि ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांच्या महाविद्यालयांत शेतकीचे शिक्षण घेतले. त्याचबरोबर ते गदर चळवळीत पडले. इंग्रजांचे राज्य असेपर्यंत मग मायभूमीचे दार त्यांना बंदच राहिले. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत स्थिरावले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारणेवर त्यांनी काम केले. दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रात त्यांची आकृती आहे. विदर्भाच्या मातीत व्हावयाचे काम मेक्सिकोच्या मातीत झाले. स्वातंत्र्यानंतर ते परत आले. १९६७ मध्ये नागपूर येथे वारले.

अमेरिकेचे दारही सदा उघडे राहिले असे नाही. १९१७ च्या कायद्याने आशियातील मजुरांना बंदी झाली. विद्यार्थ्याला शिकू देत, राहू देत नसत. १९२३ मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारले. १९४६ मध्ये त्यात थोडी ढिलाई आली आणि १९६५ च्या कायद्याने खरा बदल झाला.

आता जर्मनी. संशोधनाची डॉक्टरेट इंग्लंडातील जुन्या विद्यापीठांत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाली. ऑक्सफर्डने ती १९१७ मध्ये स्वीकारली. जर्मनीत ती जुनीच होती. म्हणून ज्याला प्रयोगशाळेत स्वतंत्र काम करावयाचे तो जर्मन भाषा शिके आणि तिकडे जाई. कर्व्यांच्या घरातले दिनकर धोंडो कर्वे यांनी लाइप्झिगला रसायनात डॉक्टरेट मिळवली, आणि त्यांच्या पत्नी इरावतीबाई बर्लिनला मानववंशशास्त्र शिकल्या. १९२९ पासून म्युनिकच्या एका संस्थेने हिंदी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्याही देऊ केल्या.

इरावतीबाईंची हकीकत येथे थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा त्यांचा विषय. मोजमापे घेता घेता वंशावंशांत उच्चनीच ठरवणारा पुरावा काही इरावतीबाईंना सापडला नाही, आणि त्यांनी सापडला असे लिहिलेही नाही. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर तीनच वर्षांनी हिटलर सत्तेवर आला. ज्यू प्राध्यापकांना घालवून दिले गेले. गॉटिंगेनचे गणित आणि पदार्थविज्ञान बघता बघता ओस पडले. तेथून बाहेर पडलेले मॅक्स बॉर्न हे १९३५-३६ च्या हिवाळ्यात सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून बंगळूरला येऊन राहिले. ज्यांच्याकडे शिकावयास आपले विद्यार्थी जावेत, ते गुरूच आपल्या दाराशी आले! विद्यापीठाचे नाव मागच्या पिढीच्या कामावर मिळालेले असते. विद्यार्थ्याला शिकावयाचे असते ते आज तेथे कोण आहे त्याच्याकडून. नाव राहते आणि माणसे निघून जातात, असे कितीदा तरी होते.

उलट, नेमका माणूस पाहून गेलेल्याला थोडक्या काळात पुष्कळ मिळते. कमलाबाई भागवत, पुढे सोहोनी, यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेत प्रवेशासाठीच झगडावे लागले होते. १९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या आणि वनस्पतींच्या श्वसनावर काम करणाऱ्या रॉबर्ट हिल यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे दाखवून दिले. १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या आणि नंतर मुंबईच्या विज्ञानसंस्थेत डाळी, तांदूळ आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांकडे वळल्या. केंब्रिजची विद्या आपल्याकडच्या गरिबाच्या ताटापर्यंत आणण्याचा तो प्रयत्न होता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा सगळा अनुभव सरकारच्या कामी आला. १९४५ मध्ये नेमलेल्या नलिनीरंजन सरकार समितीने मॅसॅच्युसेट्सच्या धर्तीवर देशाच्या चार दिशांना चार संस्था काढाव्यात असे सुचवले. खरगपूरची संस्था १९५१ मध्ये निघाली. पुढे मुंबईला १९५८ मध्ये सोव्हिएत रशियाची मदत आली, मद्रासला १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीची, कानपूरला नऊ अमेरिकन विद्यापीठांची आणि दिल्लीला ब्रिटनची. भट, वार्ष्णेय, कर्वे यांना ज्या देशांमधून निवड करावी लागली, ते देशच आता यंत्रे आणि प्राध्यापक घेऊन आपल्याकडे आले. जपानने १८७० नंतर जे केले, ते आपण ऐंशी वर्षांनी केले. एक गोष्ट मात्र तितकीशी साधली नाही. या संस्थांतून तयार झालेले कितीतरी तरुण १९६५ नंतर अमेरिकेत गेले आणि तेथेच राहिले. खानखोज्यांना येता येत नव्हते. यांना यावेसे वाटेल असे काम आपण त्यांच्यापुढे ठेवू शकलो नाही. दोष सगळा त्यांच्या माथी मारून भागणार नाही.

तर मग आजच्या पालकाने आणि विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? देश आधी आणि विषय मागाहून, हा क्रम उलटा आहे. आपल्याला नेमके काय शिकावयाचे, हे एका वाक्यात सांगता येईपर्यंत देशाचे नाव काढू नये. ते सांगता आले, की तेथे आज ते काम कोण करीत आहे आणि तो आपल्याला हाताशी घेईल काय, हे पाहावे. वर्ग उघडा पण कारखाना बंद, असे तर नाही ना, हे विचारावे. इंग्लंडातल्या त्या विद्यार्थ्यांचे दुःख आजही निराळ्या रूपाने, परवान्यांच्या आणि नियमांच्या रूपाने, वाट्याला येते. भाषेचा हिशेब धरावा. व्याख्यान इंग्रजीत असले तरी यंत्राजवळचा कारागीर आपल्याच भाषेत बोलतो, आणि खरी विद्या पुष्कळदा त्याच्यापाशी असते. आजारपणाचा आणि एकटेपणाचाही हिशेब धरावा. आणि शेवटी, परतावयाचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण परतीची वाट कर्जाने, कायद्याने किंवा आपल्याच उदासीनतेने बंद होणार नाही, एवढी काळजी जाण्यापूर्वी घ्यावी.

ही शेवटची काळजी एकट्या विद्यार्थ्याची नाही. वार्ष्णेय परतले तेव्हा पैसापैसा जमवून उभी केलेली एक भट्टी त्यांची वाट पाहत होती. मुलांना बाहेर पाठवताना, ती येतील तेव्हा त्यांच्यासाठी कोणती भट्टी आपण पेटती ठेवली आहे, हा प्रश्न गावाने स्वतःला विचारावयाचा आहे.